कर्ट वॉर्नर खरंच किराणा दुकानातून थेट सुपर बोलला गेला का? (भावासाठी विचारतेय)

रावपुऱ्याची_मेघा

नमस्कार मंडळी, प्रश्न अमेरिकन फुटबॉलचा आहे, ते हेल्मेट घालून लांबट बॉल फेकतात ते. बडोद्यात दर दुसऱ्या घरातलं कोणीतरी तिकडे आहे म्हणून इथेच विचारते, कोणीतरी बघत असेलच.

माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे, विकेटकीपर. लहान होता तेव्हापासून पहाटे किट घेऊन ग्राउंडवर, उन्हाळा असो की उत्तरायण. पण यंदा पण यादीत नाव नाही आणि बाबांनी आता स्पष्ट सांगितलंय की पुरे, बीकॉम झालंय, एमबीएची परीक्षा दे नाहीतर मकरपुऱ्याला ओळखीच्या कंपनीत अकाउंट्सला लाग. बाबांना मी दोष देत नाही, किट, फी, बाहेरगावच्या मॅचेसचा खर्च सगळं त्यांनीच केलंय आणि तोंडातून कधी शब्द काढला नाही.

तर झालं असं की न्यू जर्सीहून आमचा आतेभाऊ आला होता लग्नाला, त्याने याला कर्ट वॉर्नर नावाच्या क्वार्टरबॅकची गोष्ट सांगितली. म्हणे कोणत्याच टीमने घेतलं नाही, रात्री किराणा दुकानात माल लावायचा आणि तिथून थेट सुपर बोल, म्हणजे तिकडची सगळ्यात मोठी फायनल, जिंकला. तेव्हापासून घरात रोज तेच चाललंय. बाबा काही बोलले की हा म्हणतो वॉर्नर पण २८ व्या वर्षी आला. बाबा म्हणतात लाखात एकाचं होतं, त्यावर घर चालत नाही.

मला कोणाची बाजू घ्यायची नाहीये, मला फक्त पूर्ण गोष्ट हवीय. दुकान आणि सुपर बोल याच्या मधल्या वर्षांत तो काय करत होता? आणि त्यात नशीब किती होतं? अर्ध्या गोष्टीवर माझ्या भावाने आयुष्याची वर्षं लावू नयेत एवढंच वाटतं. खेळाचे नियम मला अजिबात माहिती नाहीत तेव्हा जरा समजेल असं सांगा.

करेलीबाग_काका

मेघा बेटा, त्या काळात मी सेंट लुइसला नोकरीला होतो, तेव्हा हे सगळं माझ्या डोळ्यासमोर घडलेलं आहे, सविस्तर सांगतो.

आधी खेळ. ११ विरुद्ध ११, मैदान १०० यार्डांचं. ज्यांच्याकडे बॉल असतो त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं, गेले तर परत चार मिळतात, नाही गेले तर बॉल समोरच्यांना. प्रत्येक प्रयत्नाला बॉल पहिला ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. त्याला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात, समोरून सव्वाशे सव्वाशे किलोची माणसं त्याला पाडायला धावत येतात आणि तेवढ्यात त्याने बघायचं की आपला कोणता गडी आत्ता मोकळा आहे किंवा अजून दोन पावलांनी मोकळा होईल, आणि बॉल तिथे टाकायचा. दुसरं म्हणजे ही जागा टीममध्ये एकच. बाकी जागांवर माणसं आलटून पालटून खेळतात पण दुसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक पूर्ण सीझन नुसता उभा असतो. तुझा भाऊ कीपर आहे ने, त्याला हे समजवावं लागणार नाही, पुढे एक पक्का कीपर असला की मागच्याने कितीही चांगलं खेळून काय उपयोग.

आता वॉर्नर. जन्म १९७१ चा, आयोवा राज्यातला. नॉर्दर्न आयोवा नावाच्या बऱ्यापैकी लहान कॉलेजात होता आणि तिथे सुद्धा पहिली चार वर्षं बाकावर, शेवटच्या पाचव्या वर्षी खेळायला मिळालं. १९९४ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतलं नाही. ड्राफ्ट म्हणजे सगळ्या टीम एकेक करून कॉलेजची पोरं निवडतात ते. मग ग्रीन बे पॅकर्सने त्याला कॅम्पला बोलावलं, पण तिथे आधीच ब्रेट फार्व्ह, मार्क ब्रुनेल आणि टाय डेटमर असे तिघं होते, सीझन सुरू व्हायच्या आधीच याला घरी पाठवलं.

इथे ते दुकान येतं. सीडर फॉल्सला हाय-व्ही नावाचं किराणा सुपरमार्केट आहे, तिथे रात्रपाळीला माल लावायचं काम, तासाला साडेपाच डॉलर. दिवसा कॉलेजच्या टीमला शिकवायला मदत करायचा आणि स्वतःचा थ्रो चालू ठेवायचा. तुझ्या आतेभावाने सांगितलेलं इथपर्यंत सगळं खरं आहे.

पण तिथून थेट सुपर बोल वगैरे काही नाही बरं का. १९९५ ला तो अरीना फुटबॉलमध्ये गेला, डे मॉइन शहराची आयोवा बार्नस्टॉर्मर्स म्हणून टीम होती. अरीना म्हणजे बंद हॉलमध्ये खेळतात तो प्रकार, मैदान निम्मं म्हणजे ५० यार्डांचं, गडी आठ-आठ, कडेला गाद्या लावलेल्या भिंती. तिथे तो तीन सीझन खेळला, १९९६ आणि १९९७ अशी दोन्ही वर्षं टीमला फायनलला नेलं आणि दोन्ही फायनल हरला. मग शिकागो बेअर्स त्याची चाचणी घेणार होते तर लग्नानंतर फिरायला गेला असताना थ्रो करायच्या हातालाच कसला तरी किडा चावला, कोळी चावला असं म्हणतात, हात सुजला आणि ती संधी गेली. त्यानंतर सेंट लुइस रॅम्सनी त्याला करारावर घेतलं आणि १९९८ च्या वसंतात युरोपात पाठवलं, ॲमस्टरडॅम ॲडमिरल्सकडून खेळायला. तिथल्या लीगमध्ये पासवर मिळवलेले यार्ड आणि टचडाउन (बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन) दोन्हींत हा पहिला आला. परत येऊन रॅम्सचा तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक, अख्ख्या सीझनमध्ये ११ पास टाकायला मिळाले, त्यातले चार पोचले.

१९९९ ला क्लीव्हलँडची टीम नव्याने उभी राहत होती, तेव्हा प्रत्येक टीमने आपले काही खेळाडू त्यांच्यासाठी मोकळे सोडायचे होते. रॅम्सनी वॉर्नरला मोकळं सोडलं. क्लीव्हलँडने घेतलं नाही! या एका गोष्टीवर मी आजपण विचार करतो, रोज सरावात बघणाऱ्यांना पण त्याला सांभाळून ठेवावं असं वाटलं नव्हतं.

मग ऑगस्टमध्ये सराव मॅचमध्ये पहिल्या नंबरचा क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन गुडघ्याला मार लागून पडला, पूर्ण सीझन बाद. आमच्या ऑफिसात तर शोककळा, कारण आदल्या वर्षी रॅम्स १६ पैकी १२ मॅच हरले होते आणि ग्रीनवरच सगळी आशा होती. कोच डिक व्हर्मील पत्रकारांसमोर रडवेला झाला होता, पण म्हणाला आपण वॉर्नरच्या पाठीशी उभे राहू आणि चांगलं फुटबॉल खेळू. कोण हा वॉर्नर हे गावातच लोक एकमेकांना विचारत होते. पहिल्या तिन्ही मॅचमध्ये प्रत्येकी तीन टचडाउन पास. चौथ्या मॅचला सॅन फ्रान्सिस्को, ज्यांच्याकडून रॅम्स लागोपाठ १७ वेळा हरले होते, त्यांच्यासमोर पाच. सीझन संपला तेव्हा १३ विजय, ४३५३ यार्ड, ४१ टचडाउन आणि लीगचा एमव्हीपी, म्हणजे त्या सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. सुपर बोलला टेनेसी टायटन्सला २३-१६ हरवलं, वॉर्नरचे ४१४ यार्ड, तोवरचा सुपर बोलचा विक्रम, शेवटी स्कोर बरोबरीत असताना आयझॅक ब्रूसला टाकलेला ७३ यार्डांचा पास. आणि अगदी शेवटच्या प्रयत्नाला टायटन्सचा गडी रेषेपासून एका यार्डावर माइक जोन्सने धरून ठेवला. त्या रात्री सेंट लुइसच्या रस्त्यांवर जे होतं ते मी आयुष्यात विसरणार नाही.

तर बेटा मधली वर्षं अशी, तीन सीझन अरीना, एक युरोप, एक बाकावर.

नेट्सवाला

काकांनी फार छान लिहिलंय. मी इथेच मुलांना कोचिंग करतो, फुटबॉल मला काकांइतकं माहिती नाही पण वॉर्नरच्या जुन्या मॅचेस भरपूर बघितल्यात, कारण हात आणि डोळा एकत्र कसा चालतो हे त्याच्याइतकं स्वच्छ कोणात दिसत नाही.

मेघाताई, तुमच्या भावाला माझ्याकडून एवढंच विचारा की वॉर्नरने दुकानानंतर कोणतं वर्ष मॅच न खेळता काढलं? दुकानाची गोष्ट सगळे सांगतात कारण ती ऐकायला भारी वाटते, पण दुकानात माल लावून कोणी क्वार्टरबॅक होत नाही. तो झाला अरीनामध्ये. तिथे मैदान निम्मं, रिसीव्हर म्हणजे पास झेलणारा गडी बॉल सुटायच्या आधीच पळत पुढे येऊ शकतो, भिंत जवळ, सगळं इतकं अंगावर येतं की बॉल हातात ठेवून विचार करायला वेळच नाही. घेतला की सोडला. तीन वर्षं रोज तेच केल्यावर १०० यार्डांच्या मोठ्या मैदानावर आला तेव्हा त्याला सगळं संथ वाटलं असणार. रॅम्सच्या त्या सीझनचे पास बघा, रिसीव्हर वळायच्या आधी बॉल निघालेला असतो, डिफेन्सवाला अंगावर येईपर्यंत हात रिकामा. कॉलेजात असताना त्याच्याकडे ही गोष्ट नव्हती, निदान निवडणाऱ्यांना दिसली तरी नाही. म्हणजे १९९४ ला त्याला काढणारे सगळे मूर्ख होते असं अजिबात नाही, तेव्हाचा वॉर्नर वेगळा होता आणि १९९९ चा वेगळा.

नशिबाचं विचारलंत तर हो, ग्रीनचा गुडघा गेला नसता तर कदाचित हे नाव आपण ऐकलं नसतं. आणि अजून एक, त्याला जी टीम मिळाली ती पण बघा, बॉल घेऊन पळणारा मार्शल फॉक त्याच वर्षी आला होता, पास झेलायला ब्रूस होता, टॉरी होल्ट नवा नवा आला होता, पुढे वॉर्नरला वाचवणाऱ्या लाइनमध्ये ऑर्लँडो पेससारखा डोंगर, आणि सगळी आखणी माइक मार्ट्झची, जो पासवर पास टाकायला लावायचा. दुसऱ्या एखाद्या कंटाळवाण्या टीममध्ये तोच गुडघा मोडला असता तर वॉर्नरने काय केलं असतं सांगता येत नाही. पण दार उघडलं तेव्हा हा तयार उभा होता हे पण तितकंच खरं.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर प्रवीण तांबे घ्या, मुंबईचा. ४१ व्या वर्षी २०१३ ला राजस्थानकडून आयपीएल खेळला, त्याआधी रणजी पण नाही, आणि पुढच्याच वर्षी आपल्या अहमदाबादला मोटेऱ्यावर कोलकात्याविरुद्ध हॅट्ट्रिक. तो माणूस इतकी वर्षं घरी बसून नव्हता, मुंबईत क्लब आणि कंपन्यांच्या टीमकडून सतत बॉलिंग करत होता.

म्हणून भावाला नेट्सचं विचारू नका, पुढच्या सीझनला मॅचेस कुठे खेळणार ते विचारा. कोणत्या क्लबकडून, किती, त्यात ग्लव्ह्ज याच्याच हातात असतील का. मोठ्या क्लबमध्ये तिसरा कीपर म्हणून पाणी देण्यापेक्षा लहान क्लबमध्ये सगळ्या मॅचेस उभं राहणं मी हजारदा पसंत करेन. याला त्याच्याकडे उत्तर असेल तर बाबांशी बोलायला काहीतरी आहे. उत्तर नसेल तर वॉर्नरचं नाव घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, रागावू नका.

रावपुऱ्याची_मेघा

काका, सर, तुम्हा दोघांचे खूप खूप आभार, दोन्ही उत्तरं भावाला वाचायला दिली, तो गप्प बसून वाचतोय, हेच मोठं आहे. सर रागावायचं काही नाही, असंच कोणीतरी सरळ सांगायला हवं होतं.

पण बाबांनी पण वाचलं आणि त्यांचा नवीन प्रश्न आला की एक वर्ष लागलं नशीब, पुढे काय? टिकला का? आणि त्याच वेळी असे किती जण होते ज्यांचं काहीच झालं नाही?

पॉकेटमधला_मांजलपूरकर

बाबांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि मी थोडा त्यांच्या बाजूने बोलणार आहे.

दर उन्हाळ्यात प्रत्येक टीम कॅम्पला भरपूर पोरं बोलावते आणि सीझनच्या तोंडावर ५३ ठेवून बाकीच्यांना घरी पाठवते. सगळ्या टीम मिळून असे शेकडो होतात, दरवर्षी. ज्यांना ड्राफ्टमध्ये घेतलं नाही असे खेळाडू लीगमध्ये टिकतात, ते इतकं पण दुर्मिळ नाही, पण त्यातून क्वार्टरबॅक होऊन लीगचा एमव्हीपी आणि सुपर बोलचा एमव्हीपी दोन्ही झालेला आजपर्यंत एकटा वॉर्नर. एकटा! वॉरन मून पण ड्राफ्ट न झालेला, तो कॅनडात जाऊन एडमंटनकडून लागोपाठ पाच कप जिंकून मग १९८४ ला ह्यूस्टनला आला आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेला, टोनी रोमोचं पण नाव घेता येईल, पण यादी तिथेच आटपायला लागते. टॉम ब्रेडी या सगळ्यात नावाजलेल्या क्वार्टरबॅकचं उदाहरण लोक देतात की १९९ व्या नंबरवर घेतला, अरे पण घेतला तर होता. म्हणून 'वॉर्नरचं झालं म्हणजे माझंही होईल' हा हिशोब मांडूच नये.

पण टिकला का म्हणाल तर टिकला, आणि माझ्या मते त्याच्या करिअरचा खरा भाग १९९९ नंतरचाच आहे ज्याबद्दल कोणी बोलत नाही.

२००० ला बोट मोडलं. २००१ ला परत लीगचा एमव्हीपी, ४८३० यार्ड, टीमचे १४ विजय. सुपर बोलला समोर न्यू इंग्लंड आणि त्यांचा तो पोरगेला ब्रेडी, सगळ्यांनी रॅम्स जिंकले असं धरूनच ठेवलं होतं. न्यू इंग्लंडच्या टाय लॉने वॉर्नरचा एक पास मध्येच पकडून टचडाउन केला, वॉर्नरने शेवटच्या क्वार्टरमध्ये १७-१७ अशी बरोबरी करून आणली आणि शेवटच्या क्षणी ४८ यार्डांच्या किकवर हरले. ब्रेडीची सगळी गोष्ट तिथून सुरू होते आणि वॉर्नरची तिथून घसरायला लागते.

२००२ ला त्याने सुरुवात केलेल्या सहाच्या सहा मॅच रॅम्स हरले, हाताला परत फ्रॅक्चर. २००३ च्या पहिल्याच मॅचला बॉल हातातून सहा वेळा निसटला, डोक्याला पण मार लागला, जागा मार्क बल्जरला गेली. दोनदा एमव्हीपी झालेला माणूस २००४ ला रॅम्सनी सोडून दिला. न्यूयॉर्क जायंट्सला गेला, तिथे नऊ मॅचपैकी पाच जिंकून दिल्या तरी त्याला बसवून नव्या ईलाय मॅनिंगला आणलं, कारण पुढची दहा वर्षं त्याच्यावर चालवायची होती. २००५ ला ॲरिझोना कार्डिनल्स, म्हणजे त्या वेळची लीगमधली सगळ्यात दुर्लक्षित टीम म्हणा, शेवटचं विजेतेपद १९४७ चं. तिथे पण पुढच्या वर्षी मॅट लाइनार्टला ड्राफ्टमध्ये दहाव्या नंबरवर घेतलं, म्हणजे वॉर्नरला सांगितल्यासारखंच झालं की बाबा तू आता हंगामी आहेस.

विचार करा, वय ३५, पैसा आहे, सुपर बोल विजेत्यांना मिळणारी अंगठी आहे, नाव झालंय. सोडून दिलं असतं तरी कोणी काही म्हणालं नसतं. पण थांबला. २००७ ला लाइनार्टच्या खांद्याजवळचं हाड मोडलं तेव्हा हा परत आत आला, २७ टचडाउन टाकले, आणि २००८ ला मात्र कोचने सरळ कॅम्पमध्ये बघून याला पहिला नंबर दिला, कोणाला दुखापत झाली म्हणून नाही. हे बाबांना मुद्दाम सांगा मेघा. ३७ व्या वर्षी ४५८३ यार्ड, ३० टचडाउन, आणि कार्डिनल्सना त्यांच्या इतिहासातला पहिला सुपर बोल. पिट्सबर्गसमोर हाफटाइमच्या अगदी तोंडावर जेम्स हॅरिसनने त्याचा पास पकडून १०० यार्ड पळत नेला, तिथे कोणी पण खचलं असतं, याने शेवटच्या क्वार्टरमध्ये १३ पॉइंटची पिछाडी भरून काढली, लॅरी फिट्झजेराल्डला ६४ यार्डांचा पास टाकून टीमला पुढे नेलं, घड्याळात अडीच मिनिटं होती. पिट्सबर्गने ३५ सेकंद राहिले असताना टचडाउन केला, २७-२३. हरला पण ३७७ यार्ड टाकून हरला.

तीन सुपर बोल खेळला, एक जिंकला, दोन शेवटच्या मिनिटात हरला. १२४ मॅचेस, ३२३४४ यार्ड, २०८ टचडाउन. एवढे आकडे बघून हॉल ऑफ फेममध्ये घ्यावं की नाही यावर वाद झाले, कारण मधली पाच-सहा वर्षं अशी गेली, पहिल्या दोन वेळा नाव मागे राहिलं, २०१७ ला घेतलं. माझ्या मते पहिल्याच वर्षी घ्यायला हवं होतं, दोन वेगवेगळ्या बुडालेल्या टीमना फायनलला नेणारा माणूस आहे तो.

दांडियाबाजारच्या_वहिनी

सगळं वाचलं, खेळातलं निम्मं डोक्यावरून गेलं पण एक कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. ते दुकानाचे दिवस वॉर्नरचे एकट्याचे नव्हते. ब्रेंडा, म्हणजे पुढे त्याची बायको झाली ती, आधी नौदलाच्या मरीन्समध्ये होती, पहिला संसार मोडलेला, पदरात दोन मुलं. थोरल्या मुलाच्या डोक्याला तान्हेपणीच मार लागून दृष्टी खूप अधू झालेली. ती नर्सिंग शिकत होती, सरकारी अन्नमदतीच्या कुपनांवर घर चालायचं आणि हे सगळे ब्रेंडाच्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात राहत होते. १९९६ ला ते आईवडील आर्कन्सा राज्यात वादळात गेले, दोघंही एकाच वेळी. म्हणजे जावयाचं यश बघायला ते नव्हतेच.

हे मी अशासाठी सांगते मेघा की वॉर्नर मैदानावर जाऊ शकला कारण घर कोणीतरी धरून ठेवलं होतं, आणि तो पण रात्रपाळी करत होता, फुटबॉल येईपर्यंत बसून नव्हता. भावाने सकाळी ग्राउंड आणि दुपारपासून अर्धवेळ नोकरी केली तर बिघडत नाही. आमच्या घरात दिराने तसंच केलं होतं, अकाउंट्सचं काम करून क्लब खेळायचा. तुझ्या बाबांना पोराचं खेळणं खुपत नसणार, आपण रिटायर झाल्यावर याचं काय ही काळजी असणार, ती घरात चार पैसे यायला लागले की निम्मी होते. बोलून बघ, आणि हे आईला बोलू दे, बाबा आणि मुलगा समोरासमोर आले की आवाज चढतोच.

रावपुऱ्याची_मेघा

वहिनी, काल रात्री आईने विषय काढला. लगेच काही ठरलं नाही पण बाबा एवढं म्हणाले की कोणत्या क्लबकडून खेळणार ते लिहून आण, आणि अर्धा दिवस काम बघ, मग मार्चनंतर बोलू. भाऊ आज सकाळीच दोन क्लबमध्ये विचारायला गेलाय, एक तर कोटंबीच्या बाजूला लांब आहे पण तिथे कीपर नाहीये म्हणे.

आता बाबांनाच उत्सुकता लागलीय की हा वॉर्नर खेळायचा कसा ते दाखवा. रविवारी टीव्हीवर लावायची म्हटलं तर कोणती मॅच लावू? नियम न कळणाऱ्याला पण मजा येईल अशी.

करेलीबाग_काका

वा, फार बरं वाटलं वाचून. कोटंबी लांब असलं तरी जाऊ दे त्याला, कीपर नसलेला क्लब मिळणं सोपं नाही.

मॅचचं म्हणशील तर माझं मन सेंट लुइसमध्ये अडकलंय म्हणून मी टायटन्सवालीच म्हणणार होतो, पण नियम न कळणाऱ्याला ती पहिली दोन-अडीच तास जड जाईल, तिचा शेवटचा क्वार्टर तेवढा लाव. पूर्ण बघायची तर १० जानेवारी २०१० ची, ॲरिझोना विरुद्ध ग्रीन बे. ज्या ग्रीन बेने १९९४ ला कॅम्पमधून घरी पाठवलं त्यांच्याच समोर, वय ३८. ३३ पास टाकले, त्यातले २९ पोचले, पाच टचडाउन. म्हणजे चुकलेल्या पासांपेक्षा टचडाउन जास्त. समोर ॲरन रॉजर्स, तो पण पेटलेला, ४५-४५ बरोबरी होऊन जादा वेळेत ५१-४५ असा ॲरिझोनाचा विजय, प्लेऑफच्या इतिहासात एका मॅचमध्ये इतके पॉइंट कधी झाले नव्हते. बाबांना सांग नजर बॉलवर ठेवू नका, वॉर्नरच्या पायांवर ठेवा, मागे किती पावलं घेतो आणि कोणत्या पावलाला हात सुटतो ते. पुढच्या आठवड्यात न्यू ऑर्लिन्सला त्याला जबर मार बसला आणि जानेवारी संपायच्या आत त्याने निवृत्ती जाहीर केली, म्हणजे ही त्याने जिंकलेली शेवटची मॅच.

पॉकेटमधला_मांजलपूरकर

काकांना अनुमोदन, तीच लावा. आणि भावाला वेगळी एक दाखवा, १० जानेवारी २००९, ॲरिझोना विरुद्ध कॅरोलिना, प्लेऑफ. १९९८ ला ॲमस्टरडॅमला वॉर्नरच्या मागे दुसऱ्या नंबरवर जो बसायचा तो जेक डेलोम, त्याला पण ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नव्हतं, तोवर तो कॅरोलिनाचा पहिला क्वार्टरबॅक होऊन एक सुपर बोल पण खेळून आला होता. त्या दिवशी मात्र डेलोमचे पाच पास ॲरिझोनाने मध्येच पकडले आणि वॉर्नरची टीम ३३-१३ जिंकली. दोघंही एकाच युरोपच्या टीममधून आलेले, दोघांचीही पूर्ण मॅच बघा.